काळजीवाहू सदस्य

५ जानेवारी

प्रिय ताई,

इकडे सर्व क्षेम. ही ओळ वाचून तू नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. पण मावशीने, म्हणजे तुझ्याच आईने, मला पत्र लिहायला शिकवलं तेव्हा सुरुवात हीच घालून दिली, आणि ती बदलली की मला पुढचं सुचत नाही. तू छापखान्यात बसून साऱ्या जगाच्या चुका लाल शाईने काढतेस. या मावसभावाची ही एक तेवढी सोडून दे.

बातमी अशी की तुझ्या पाठोपाठ मीही समितीवर चढलो. आरोग्य योजनेच्या कचेरीतून लखोटा आला : "सल्लागार समितीवर आपली काळजीवाहू सदस्य म्हणून नेमणूक करण्यात येत आहे." शाळेत पोरांकडून शब्द चालवून घेणाऱ्या संस्कृतच्या मास्तराला आरोग्यातलं काय कळतं, असं मी कचेरीला विचारणार होतो. पण लखोटा इतका जाड कागदाचा होता की विचारवेना.

पहिली सभा झाली. लांबलचक खोली, लंबगोल टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि बंद पडलेला माईक. अध्यक्ष डॉक्टर आहेत, गोड बोलतात. एक टिपणबाई सगळं लिहून घेतात. माझ्या शेजारी टेबलाला चक्क खिंडार होतं. तिथे खुर्चीच ठेवलेली नव्हती. मी कोपऱ्यातून एक ओढत आणली आणि लावून दिली. थोड्या वेळाने चाकांच्या खुर्चीतून एक बाई आल्या. त्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पार दाराजवळच्या टोकाला जाऊन थांबल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. रथातून आल्यासारख्या येतात म्हणून मी त्यांचं नाव महाराणी ठेवलं आहे.

विषय आपल्या घरचाच निघाला. योजनेचा नियम आहे की रोग्यात सुधारणा दिसत असेल तोवरच घरी येऊन व्यायाम करून घेणारी बाई मिळेल. धाकट्याची व्यायामबाई याच नियमावर टिकून आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याचा उजवा हात मुठीसारखा मिटला होता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात! ती आठवड्यातून दोनदा येते आणि एकेक बोट पाकळीसारखं उलगडते. मधूनमधून योजनेचा तपासनीस येतो आणि विचारतो, "मागच्या वेळेपेक्षा काय जास्त करता?"

तर आमच्या बंधुराजांनी यावर तोड काढली आहे. तो सुधारणा साठवून ठेवतो! शर्टाचं बटण लावायला जमू लागलं की कुणाला सांगायचं नाही. तपासनीस आला की तेवढं एक दाखवायचं. पुढच्या वेळी कप. त्याच्या पुढच्या वेळी आणखी काही. गेल्या आठवड्यात मी खोलीत शिरलो, तर तो कंगवा झटकन उशीखाली सरकवत होता. म्हणजे त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आता घरात कुणालाच नक्की माहीत नाही. मी अजून त्याची बटणं लावतो आणि तो गंभीर चेहऱ्याने लावून घेतो.

असो. काळजीवाहू म्हटल्यावर मी समजायचं ते समजलो आहे. आपण आपलं सांभाळून राहायचं, मोठ्या गोष्टींत तोंड घालायचं नाही, आणि पक्का माणूस मिळाला की निमूटपणे बाजूला व्हायचं. खरं सांगू? तो लवकर मिळावा असं वाटतं. हे माझ्याच्याने फार दिवस निभायचं नाही.

तुझा,
पंडित


१६ जानेवारी

पंडित,

'प्रिय' मुद्दाम गाळलंय. मुद्रणदोष नव्हे.

पक्का माणूस? सख्ख्या पाठच्या भावासाठी पक्का माणूस? आणि तो मिळाला की तू निमूटपणे बाजूला? असं पाण्याच्या पेल्याचं आणि माईकचं वर्णन करता करता सहज लिहून टाकलंस! माझ्या हातातला लाल पेन थांबला. एवढी मोठी चूक कुठल्या खुणेने काढतात ते मला शिकवलेलं नाही.

मी लहानपणापासून कुबड्यांवर आहे. मला उचलून शाळेत कोण न्यायचं, आठवतंय? तुम्ही दोघे, आळीपाळीने. त्यातला एक आता असं लिहितो.

दमला असशील, मान्य. दमल्याचं कुणी पाप मानत नाही. पण मग तसं समितीत सांग की! आमच्या इथल्या समितीत मी इतकी वर्षं घसा कोरडा करते आहे, कारण काळजीवाहू म्हणून बोलावलेली माणसं तोंडच उघडत नाहीत. तुला त्यासाठीच तिथे बसवलंय आणि तू खुर्च्या लावत फिरतोस?

मोकळं व्हायचं असेल तर हो. पण धाकट्याला अंधारात ठेवू नकोस. तू सांगणार नाहीस हे दिसतंच आहे, तेव्हा मी काय करायचं ते करते.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

इकडे सर्व क्षेम, असं हात सवयीने लिहून गेला. पुढे वाचून तूच ठरव.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. प्रत्येक शब्द कळतो, वाक्याचा अन्वय लागत नाही. पक्का माणूस शोधणं हे माझं काम नाही, कचेरीचं आहे. त्यात धाकट्याला अंधारात ठेवण्यासारखं काय आहे? आणि मला तिथे बोलायला बसवलंय असं तू म्हणतेस, पण मला तर उलट वाटतं. दुसऱ्या सभेत अध्यक्ष तोंड भरून म्हणाले, "आता आपल्या काळजीवाहू सदस्यांचं काही?" मी नम्रपणे म्हणालो, "छे छे, माझं काही नाही." माझ्या या पायरी ओळखून वागण्याचं कुणीतरी कौतुक करील असं वाटलं होतं. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले.

शेजारची खुर्ची पुन्हा कुणीतरी काढून ठेवली होती. मी पुन्हा आणून लावली. महाराणी आल्या आणि या वेळी थेट माझ्यासमोर थांबल्या.

"ही कुणासाठी?"

"पक्क्या सदस्यासाठी," मी म्हणालो.

"कोण पक्का सदस्य?"

"अजून यायचाय. आला की मी उठणार. तोवर मी काळजीवाहू."

त्या बराच वेळ माझा चेहरा न्याहाळत होत्या. मस्करी कुठे संपते ते शोधत असाव्यात. मग म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता ना? बरं, बरं," आणि दाराकडे निघून गेल्या. त्या 'बरं, बरं'चा अर्थ मी अजून लावतो आहे.

आता घरचं. घरचं फार वाईट झालं आहे आणि का झालं ते मला कळत नाही.

परवा तपासनीस आला. धाकटा सकाळपासून आरशासमोर होता. त्याने तपासनिसादेखत शर्ट चढवला, सगळी बटणं लावली, केस विंचरले, कपात चहा ओतला, कप उचलून तपासनिसाच्या हातात दिला, आणि वर उशीखालून ब्रश काढून कागदावर ठळक 'अ' काढला. सगळी साठवण एका दमात उधळली! मी दारात उभा राहून खुणा करत होतो, थांब, थांब. तो माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. तपासनिसाने त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि लिहिलं : "उद्दिष्ट पूर्ण. पुढील उपचारांची आवश्यकता नाही." मार्च संपला की व्यायामबाई बंद.

पाहिलंस? सुधारणा नाही तर उपचार बंद, आणि सुधारणा झाली तरी उपचार बंद. मग व्यायामबाई मिळते तरी कुणाला?

मागे तिच्या बाळंतपणात मध्ये खंड पडला होता तेव्हाच त्याची बोटं पुन्हा मिटली होती. ती परत उलगडायला उन्हाळा गेला. हे धाकट्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी विचारलं, "असं का केलंस रे?" तर म्हणाला, "आता तू मोकळा."

"कशातून मोकळा?"

"मला कळलंय, दादा. माणूस ठेवायची गरज नाही. मी माझं करू शकतो."

आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून तोच कप पडला. त्याने तुकडे पायाने पलंगाखाली सारले. मी न पाहिल्यासारखं केलं.

कोण माणूस, कसला माणूस? तुझ्या पत्रात माणूस, त्याच्या बोलण्यात माणूस. मला सोडून सगळ्यांना माहीत असलेला हा माणूस आहे तरी कोण?

पंडित


२० फेब्रुवारी

प्रिय पंडित,

'प्रिय' परत घातलंय. तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग छापखान्यात ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी पण हसला.

अरे महामहोपाध्याया, विग्रह कर. पोरांना छडी दाखवून करायला लावतोस ना? मग कर! काळजीवाहू. काळजी वाहतो तो. तू वर्तमानपत्रं फार वाचतोस. सरकार पडलं की दुसरं येईपर्यंत जे बसतं ते काळजीवाहू, एवढाच अर्थ तुझ्या डोक्यात शिरून बसला. समितीवर दोन प्रकारची माणसं घेतात : ज्यांच्या शरीराला काही झालंय ती, आणि त्यांची काळजी घेणारी. दुसऱ्या प्रकाराला कचेरी काळजीवाहू म्हणते. तू तिथे कुणाच्या जागी बसलेला नाहीस. पक्का सदस्य तूच. ज्याची तू वाट बघतोयस तो पहिल्या दिवसापासून तुझ्याच खुर्चीवर बसलाय.

आणि ते खिंडार! पंडित, ज्या बाई खुर्ची घेऊनच येतात त्यांच्यासाठी टेबलाशी बिनखुर्चीची जागा ठेवतात. दर सभेला तू त्यांची जागा अडवतोस आणि वर हसतोस. मी त्यांच्या जागी असते तर तुझ्या पायावरून चाक नेलं असतं.

आता माझं. 'पक्का माणूस' म्हणजे तू धाकट्यासाठी पगारी नोकर शोधतोयस आणि त्याच्यापासून सुटायचं बघतोयस, असं मला वाटलं. मी तसं त्याला लिहिलं. लिहायला नको होतं. आयुष्यभर दुसऱ्याचं लिखाण दोनदा तपासल्याशिवाय सोडलं नाही, आणि स्वतःचं पत्र तसंच पेटीत टाकलं. त्या बिचाऱ्याने तुला मोकळं करायला सगळी साठवण खर्च केली. सोबतची चिठ्ठी त्याला दे. त्यात मी स्वतःला जे म्हटलंय ते तू वाचायचं नाहीस.

पुढची सभा मार्चच्या सुरुवातीला असेल. सुधारणेच्या नियमावर समितीने सल्ला द्यायचाय, आणि तो दिला नाही तर नियम आहे तसाच राहील. तेव्हा जाऊन बोल. आणि एक विनंती : संस्कृतात बोलू नकोस.

ताई


१० मार्च

प्रिय ताई,

क्षेमाची ओळ या वेळी गाळतो; ती सभेत वापरून आलो आणि तिचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी धाकटा. चिठ्ठी वाचून तो इतका हसला की उचकी लागली. मग म्हणाला, "म्हणजे मी उगाचच शर्ट घातला?" मी म्हटलं, "सभेत तुझ्याबद्दल बोलावं लागेल. साठवणीबद्दलही. त्यांनी लबाडी म्हटली तर?" त्याने विचार केला. "सांग. साठवण होती तोवर लबाडी होती. आता खडखडाट आहे, कोण काय घेणार?"

सभेला लवकर गेलो. शेजारची जागा मोकळी ठेवली आणि कुणी खुर्ची आणू नये म्हणून तिथे पहारा दिला. महाराणी आल्या, दारातच थबकल्या.

"पक्के सदस्य आले वाटतं?"

"आले," मी म्हणालो. "उशीर झाला. माफ करा."

त्या आत आल्या, टेबलाशी बरोबर बसल्या. पेला माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पाणी ओता. माझा हात पोचत नाही. दाराशी तर पाण्याचा जगही पोचत नव्हता."

अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काळजीवाहू सदस्यांचं काही?"

"आहे," मी म्हणालो. टिपणबाईंच्या हातून पेन पडलं.

ताई, तू बजावलं होतंस. पण उभा राहिलो आणि समोर माणसं दिसली की माझा वर्ग सुरू होतो. मी म्हणालो, "योगक्षेम हा शब्द आपण जोडून वापरतो, पण ती दोन निराळी कामं आहेत. जवळ नाही ते मिळवणं म्हणजे योग. जवळ आहे ते राखणं म्हणजे क्षेम. आपल्या योजनेत योग आहे, क्षेम नाही."

मला वाटलं, पोचलं.

"फार सुंदर सूचना," अध्यक्ष म्हणाले. "टिपून घ्या, योगाचे वर्ग."

"वर्ग नव्हेत हो—"

"आसनं बसून करण्यासारखी हवीत," कुणीतरी म्हणालं.

कानाला यंत्र लावणारे एक निवृत्त टपालमास्तर आहेत, ते घाबरून म्हणाले, "मला तो श्वास रोखायचा प्रकार झेपत नाही, आधीच सांगतो."

मी योगाची व्युत्पत्ती सांगू लागलो तसतशी आसनं वाढत गेली. तेवढ्यात महाराणींनी टेबलावर थाप मारली. "मास्तर, घरी भावाशी बोलता तसं बोला!"

मग मी तसं बोललो. बोटं कशी मिटतात ते मूठ करून दाखवलं. बाई येते म्हणून ती उघडी राहतात. उद्या आजच्याइतकीच उघडी राहिली तर तुमच्या कागदावर ती सुधारणा नाही, पण आमच्या घरात तोच दिवस चांगला गेलेला असतो. कंगव्याचं सांगितलं. माझा भाऊ स्वतःला येतं ते लपवतो, आणि मला त्याचा आनंद कधी मानायचा तेच कळत नाही, हेही सांगितलं. पलंगाखालच्या तुकड्यांपाशी माझा आवाज बसला. मी बसलो.

शेजारून महाराणी म्हणाल्या, "मीही साठवते."

"काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"टेबलाला धरून मला उभं राहता येतं. थोडा वेळ. तपासनिसाला अजून दाखवलेलं नाही. पुढच्या खेपेसाठी ठेवलंय."

टपालमास्तरांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. "डाव्या कानाने मला याच्याशिवायही थोडं ऐकू येतं," ते हळूच म्हणाले. समोरच्या एका आईने सांगितलं की तिची मुलगी आता पायऱ्यांचे कठडे न धरता उतरते, पण तपासनिसापुढे धरते. तिने तसं शिकवलंय. ताई, अर्धं टेबल काही ना काही लपवून बसलं होतं!

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे आमच्याकडचे सगळे अहवाल..."

"हे सगळं लिहू का?" टिपणबाईंनी विचारलं.

"नको!" सगळे एकदम.

"मग काय लिहू?"

महाराणींनी सांगितलं, मी फक्त विरामचिन्हं दिली : "सुधारणा व्हावी यासाठी, तसेच आहे ते टिकून राहावे यासाठीही उपचार द्यावेत." एकमताने मंजूर. पण हा नुसता सल्ला. ऐकायचा की नाही ते वरची कचेरी ठरवणार, आणि मार्च संपायला थोडेच दिवस उरलेत. बाई येत राहणार की नाही हे मला अजून माहीत नाही.

निघताना महाराणी म्हणाल्या, "पुढच्या वेळी खुर्ची लावलीत तर तुमच्या पायाचं उद्दिष्ट पूर्ण करीन."

पंडित


१७ मार्च

प्रिय पंडित,

तुझं पत्र आमच्या समितीत वाचून दाखवलं. नावगाव गाळलं, काळजी करू नकोस. वाचून झाल्यावर आमचे अंध सतारवादक म्हणाले, "मलाही सांगायचंय," आणि मग आमची सभा संध्याकाळपर्यंत चालली. मीही सांगितलं. काय ते तुला नाही सांगणार. तपासणी जवळ आलीय.

वरून काय उत्तर येतं ते कळव. आणि हे बघ, क्षेम नसेल तर क्षेम आहे म्हणून लिहायचं नाही. इतकी वर्षं ती ओळ मी वाचते आणि दर वेळी विचार करते, खरंच आहे की आईने शिकवलं म्हणून आहे?

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

कचेरीचं उत्तर आलं. दोन भाग आहेत. पहिला असा : समितीच्या बहुमोल सूचनेनुसार योगाचे वर्ग सुरू होत असून मार्गदर्शक म्हणून माझं नाव मंजूर झालं आहे. टिपणबाईंनी शेवटचा ठराव लिहिला, पण आधीचं 'योगाचे वर्ग' खोडलं नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधताना मला धाप लागते, हे तुला माहीतच आहे. टपालमास्तर भेटले की रस्ता बदलतात.

दुसरा भाग जसाच्या तसा उतरवतो : "उपचार टिकवण्यासंबंधीच्या शिफारशीवर निर्णय होईपर्यंत सध्याच्या घरपोच सेवा काळजीवाहू तत्त्वावर चालू ठेवण्यात याव्यात."

हे वाक्य घेऊन मी सबंध संध्याकाळ बसलो. काळजीवाहू म्हणजे तात्पुरत्या? म्हणजे कुठल्याही सोमवारी बंद? की काळजी वाहणाऱ्याच्या शब्दावर, म्हणजे माझ्या? एकदा त्या शब्दाने मला फसवलं आहे, आता मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. शेवटी महाराणींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही. तात्पुरतं आहे म्हणूनच काळजी वाहायची. झोपा आता." भाष्यकार होण्याची त्यांची पात्रता आहे.

पण काल दार वाजलं आणि व्यायामबाई आली. कायम की तात्पुरती, हे तिलाही माहीत नव्हतं. आली, हात धुतले, आणि धाकट्याचं पहिलं बोट उलगडायला बसली.

तू म्हणालीस, नसेल तर लिहायचं नाही. म्हणून या पत्राची पहिली ओळ मी लिहिली नाही. आहे की नाही ते ज्याचं त्याने सांगावं, असं म्हणून कागद धाकट्यापुढे ठेवला आणि खाली जागा सोडली. त्याने ब्रश मागितला. मी खोलीबाहेर थांबलो. त्याला काय येतं ते त्याने सांगेपर्यंत बघायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

पंडित

*ताई, इकडे क्षेम. दुपार गेली, सगळी 'क्ष'मध्ये. पाटीवर कुणी मागत नाही हे अक्षर, म्हणून सवय नव्हती. तपासनिसाला सांगू नकोस. — धाकटा*